अनुदान अडकलंय? आधी या चुका टाळा

हप्ता जमा झाला नाही की पहिली शिवी तलाठ्याला, दुसरी कृषी सहाय्यकाला. त्यांचा दोष कधीच नसतो असं नाही. पण माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घोडं एकाच जागी पेंड खातं: बँक खातं.

“आधार लिंक आहे हो, बँकेत झेरॉक्स दिलीय!” हे ऐकून कान किटले. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि तेच खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत असणं वेगळं. पीएम किसान असो की नमो शेतकरी, पैसे आधार क्रमांकावर निघतात आणि त्या नोंदीत जी बँक असेल तिकडे जातात. नोंद एका वेळी एकाच बँकेची. नव्या बँकेला संमती दिली की जुनी गेली.

आमच्या शेजारच्या तात्यांचे दोन-दोन हजारांचे हप्ते वर्षभर ‘आलेच नाहीत’. बँकेत हेलपाटे, तहसीलला अर्ज, तलाठ्याशी चावडीवर भांडण. पोर्टलवर मात्र पैसे गेल्याचं स्वच्छ दिसत होतं. मधल्यामधे कुणीतरी खाल्ले, असं तात्यांचं ठाम मत. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडायला लावलं, तर भलत्याच बँकेचं नाव. “हिचं तर मी दारसुद्धा पाहिलं नाही!” मग सुनेला आठवलं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने तात्यांचा अंगठा दोनदा घेतला होता. त्यात खातंही उघडलं गेलं होतं, आणि सगळे हप्ते तिथेच पडून. पैसे मिळाले. तलाठी मात्र अजून तात्यांशी बोलत नाही.

म्हणून हप्त्याची बातमी आली की मी आधी ते पान बघतो, पासबुक नंतर.

दुसरी चूक उतावळ्यांची. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांच्या पोर्टलवर, अवजारासाठी अर्ज केला, निवडीचा मेसेज आला, की मंडळी थेट शोरूमला. अरे, निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे! निवडीनंतर कोटेशन, टेस्ट रिपोर्ट वगैरे चढवायचं, छाननी होऊन पूर्वसंमती हातात पडली की मगच रोटाव्हेटर आणायचा. आधीच्या तारखेचं बिल बाद होतं. “तारीख पुढची टाकून देतो” म्हणणाऱ्या विक्रेत्याला लांबूनच नमस्कार करा, अधिकारी जागेवर येऊन मोका तपासणी करतील तेव्हा तो तुमच्या शेजारी उभा राहणार नाही. ठिबकचंही तसंच. अल्पभूधारकाला पूरक अनुदान धरून ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण ते सरकारने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर. दुकानदाराने फुगवलेल्या बिलावर हिशेब मांडून उसनवारी करू नका.

बाकीचं थोडक्यात. आधारवर ‘बाळू’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब’ असेल तर नाव आधी जुळवा. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला नसेल तर काढा, २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच. आधारला मोबाईल नंबर स्वतःचा द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको. पोर्टलवर एफटीओ, म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश, दिसला म्हणजे खात्यात पैसे पडले असं नाही. वडील वारले असतील तर वारस नोंद लांबवू नका.

आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर पीएम किसान चालू असेल तर एकाचं सोडा. कुटुंबाला लाभ एकच आहे. वसुलीची नोटीस आल्यावर ‘काही जमतंय का बघा’ म्हणत माझ्याकडे येऊ नका, भरून टाका.