कुकर: शब्द कुठला, डाळ कशी शिजवायची

कुकर म्हणजे शिट्ट्या देणारं भांडं, हे आपल्या डोक्यात पक्कं. इंग्लंडात मात्र नुसतं ‘कुकर’ म्हटलं तर शेगडी समजतात. शिजवून खायच्या आंबट सफरचंदालाही तिथं कुकरच म्हणतात. आपल्या भांड्याचं पूर्ण नाव प्रेशर कुकर, त्यातलं ‘प्रेशर’ बोलता बोलता गळालं.

‘कुक’ आला लॅटिन ‘कोकस’वरून, म्हणजे स्वयंपाकी. या शब्दाचं आणि संस्कृत ‘पच्’चं मूळ एकच. पाक, पक्वान्न, पिकणं, पचणं हे सगळे कुकरचे चुलतभाऊ! देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १६७९ साली लंडनला असं बंद भांडं दाखवलं, त्याचं नावही ‘डायजेस्टर’, म्हणजे पचवणारा. त्यात हाडंसुद्धा मऊ होत.

पण खरं काम त्या गळालेल्या प्रेशरचं. उघड्या गंजात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं, त्यापुढं तापत नाही. कुकरात वाफ कोंडली की १२० अंशांच्या जवळ जातं.

वरणासाठी वाटीभर तुरीची डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. तीन वाट्या पाणी, हळद आणि चमचाभर तेल घाला. तेलानं फेस दबतो. कुकर निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर फेस नळीत चढून ती बुजते. नळीतून वाफेची सरळ धार सुटली की मगच शिट्टी ठेवा. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, पुढच्या तीन मंद आचेवर. चुलीवर असाल तर पहिल्या शिट्टीनंतर लाकडं मागे ओढा, बाकीचं निखाऱ्यावर होऊ द्या. दांडा जाळाच्या बाजूला नको. बुडाला बाहेरून राख-मातीचा लेप दिला की काजळी घासत बसावं लागत नाही. वाफ आपोआप जिरल्यावरच झाकण काढा.

तरीही डाळ दाणेदार राहिली, तर बहुतेक दोष बोअरच्या जड पाण्याचा. त्यातलं कॅल्शियम दाणा मऊ होऊ देत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाका. चिंच, टमाटे मात्र डाळ शिजल्यावरच. आंबटानंही दाणा कडक राहतो.

कडेनं वाफ गळते? रबर काढून थंड पाण्यात ठेवून पाहा. ताठ झालं असेल, चिरा दिसत असतील तर बदला. बाजारात जाताना जुनं रबर सोबत न्या, लिटर सारखे असूनही माप चुकतं. नळी रोज उजेडाकडे धरून पाहा, आरपार दिसली पाहिजे. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर नळी बुजली होती किंवा पाणी आटलं होतं. त्या भोकात खिळा, लाकडाची खुंटी कधीच ठोकू नका. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत कुकर चढवू नका.