मुलांचं पथनाट्य: घोषणा सोडून गावाचा प्रश्न कसा उभा करायचा

हवामान बदलावर मुलांचं पथनाट्य म्हटलं की ठरलेला साचा पुढे येतो. हिरव्या साडीतली वसुंधरा रडते, कुऱ्हाडवाला झाड तोडतो, डॉक्टर पृथ्वीला सलाइन लावतो आणि शेवटी सगळे रांगेत उभे राहून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, विषय संपतो. यातून पुढारपण करणारं एकही पोर तयार होत नाही, कारण नाटक बसवताना कुणाला काही शोधावं लागलेलं नसतं आणि कुणाला काही विचारावंही लागलेलं नसतं. मी हे काम मराठवाड्यातल्या टंचाईच्या गावांत आठवी-नववीच्या मुलांबरोबर करतो. पद्धत तिथली आहे. तुमच्याकडे विषय पुराचा किंवा दरडीचा असेल तर तो घ्या.

दहा-बारा मुलं, त्यात निम्म्या मुली, एक हलगी आणि महिनाभराच्या संध्याकाळी एवढं पुरतं. उन्हाळ्यात तालीम ऊन उतरल्यावरच घ्या.

पहिला आठवडा माहितीचा. प्रत्येकानं घरातल्या किंवा गल्लीतल्या साठीपुढच्या एका माणसापाशी बसायचं. आडाला पाणी किती परसावर (एक परस म्हणजे माणूसभर खोली) होतं, कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं, पेरणी कोणत्या नक्षत्रात व्हायची, पहिली बोअर कुणी आणि का घेतली, हे विचारायचं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या अजून भेटतात. त्यांच्याकडून बहुतेक गावांत एकच गोष्ट ऐकू येते: तेव्हा धान्य नव्हतं, पण आडात पाणी होतं. मुलांना हे वहीत जसंच्या तसं, आजीच्याच बोलीत उतरवायला सांगा. महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, पावसाचे आकडे कृषी सहायकाकडून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. जवळची अशी विहीर कुठे आहे ते शोधा आणि मुलांना तिथे न्या.

आता संहिता. मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्यानं, आणि बहुतेक नाटकं मरतात तीही इथेच. आठवडाभर आज्यांची बोली ऐकलेली मुलं कागद हातात घेतला की लिहितात, ‘मानवाने निसर्गावर अत्याचार केला.’ म्हणून कागद देऊच नका. पर्यावरण, मानव, निसर्ग, प्रदूषण हे चार शब्द तालमीत बंद करा. मग एक घर, एक संध्याकाळ आणि एक निर्णय एवढंच द्या आणि मुलांना उभ्या उभ्या बोलू द्या. चांगलं निघालेलं नंतर एकानं लिहून काढायचं.

निर्णय असा हवा की दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात. आमच्याकडे हुकमी प्रसंग बोअरचा. मोसंबीची बाग वाळत चालली आहे, बापाला नवी बोअर घ्यायची आहे, आजी नको म्हणते.

“माय, बाग वाळली तर पोरीची फी कुठून भरू?”

“अन् तू तीनशे फूट गेला, तर शेजारचा चारशे जाईल. मंग?”

इथे कुणीच खलनायक नाही, म्हणून पारावरचा माणूस मान खाली घालत नाही, ऐकतो. एखादं मूल कायदाही काढतं: २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढची विहीर ‘खोल विहीर’ ठरते आणि अधिसूचित, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारनं जाहीर केलेल्या, क्षेत्रात तिला मनाई आहे. त्यावर बापाकडे उत्तर काय, तेही त्या मुलांनाच शोधायला लावा.

मग भूमिकांची अदलाबदल करा. ज्याच्या घरी नुकतीच बोअर झाली, त्यानं आजी व्हायचं. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळू नका. पुढे ग्रामसभेत कोण बोलू शकेल ते इथे कळतं. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडणारं मूल बहुधा वर्गात गप्प बसणारं असतं.

कारणांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. ‘हवामान बदलामुळे विहिरी आटल्या’ हे वाक्य अर्धं खरं आहे. पाणी खोल गेलं ते मुख्यतः उपशानं, आणि पारावर बसलेल्या प्रत्येकानं बोअरची गाडी गावात येताना पाहिलेली आहे. सगळं आभाळावर ढकललं तर तो उठून जाईल. पण आभाळही बदललंय. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस येतो तेव्हा जास्त जोरानं कोसळू शकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आपल्या राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळाचा, त्यात पाणी शिरतं ते भेगांतून आणि सावकाश. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडलं की मंडळात अतिवृष्टी लागते, नुकसानीचे पंचनामे होतात, पण त्यातलं बरंचसं पाणी ओढ्यानं निघून गेलेलं असतं.

हे भाषणात सांगायचं नाही. अरुंद तोंडाची बरणी ठेवा. एक मुलगी चिमटीतून ज्वारी सोडते, दाणे आत पडतात. दुसरी तेवढीच ज्वारी सुपातून एकदम उपडी करते, बहुतेक बाहेर सांडते. टंचाईच्या गावात नाटकासाठी पाणी सांडायचं नाही, म्हणून ज्वारी. ती नंतर वेचून घ्यायची. आणि जग तापवण्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे, हेही मुलांच्या तोंडून स्वच्छ आलं पाहिजे.

एक गोष्ट मी कधीच चालवून घेत नाही. गळ्यात दोर अडकवलेला शेतकरी दाखवायचा नाही. स्पर्धांमध्ये त्याला हमखास टाळ्या पडतात, पण पारावर समोर बसलेल्या एखाद्या मुलीचा बाप तसाच गेलेला असू शकतो, कधी कधी ती तुमच्याच गटात असते. गावातल्या खऱ्या माणसाची बोअर ओळखू येईल असं काही नको. सरपंचाला विदूषक करू नका, उद्या त्याच्याकडेच जायचं आहे.

शेवट बांधू नका. बाप बोअरच्या गाडीला फोन लावायला मोबाईल काढतो, तिथे हलगी थांबते आणि सूत्रधार गावाला विचारतो, “लावू द्यायचा का फोन?” गाडगेबाबा कीर्तनात लोकांना असेच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. प्रश्नानंतर बराच वेळ कुणी बोलणार नाही. शिक्षकांचा जीव तिथे कासावीस होतो आणि ते मध्येच भाषण सुरू करतात. तुम्ही गर्दीच्या मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. पहिला आवाज बहुतेक वेळा मागे बसलेल्या एखाद्या बाईचा येतो, आणि मग चर्चा आवरावी लागते. ती आवरणं हे सूत्रधार मुलाचंच काम.

प्रयोग पंधरा मिनिटांचा, पारावर, जेवणाआधी. माईक नको, प्रमुख पाहुणे नकोत.

चर्चेतले प्रश्न दोन मुलं लिहून घेतात. त्यातले दोनच निवडा. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात, त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा असते. मुलं मतदार नाहीत, म्हणून विषय आयांनी महिला सभेतून पुढे न्यावा आणि आकडे मुलांनी वाचून दाखवावेत. मागणी ठोस हवी. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आलं आणि किती वापरायचं याचा हिशेब, मांडतं आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. आपल्या गावानं निदान ताळेबंद मांडावा, असं मुलांनी म्हणावं आणि पाऊस व विहिरीची पातळी नोंदवायची वही स्वतःकडे मागून घ्यावी. ही वही शाळेच्या कपाटात ठेवू नका. नववीतल्या दोघांकडे द्या आणि आठवीतल्या दोघांना त्यांच्याबरोबर विहिरीवर पाठवा, म्हणजे दहावीच्या वर्षी ती बंद पडणार नाही.