फर्मा आधी, डिझाइन मागाहून

आमचं चपलांचं दुकान सांगलीत, हरभट रोडला. जून लागला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायची: "दादा, पावसात घालायची सँडल द्या, पण चवडा आवळणारी नको." तयार मालात तशी मिळेना. म्हणून २०१८ मध्ये ती चीनच्या फुजियान प्रांतातल्या जिनजियांगला बनवून घ्यायला घेतली. बुटांच्या कारखान्यांचंच गाव आहे ते.

असा माल बनवून घ्यायचा कसा, हे आज कुणी विचारलं, तर पहिला प्रश्न कारखान्याचा नाही, लायसन्सचा. २०२४ पासून बहुतेक पादत्राणांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला आणि परदेशी कारखान्यालाही त्यासाठी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, लायसन्स लागतं. ते नसेल तर दर कितीही गोड असू दे, उठून या.

मग फर्मा. बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर चढवून बनतो, तो. कारखान्यात फर्म्यांनी भरलेल्या भिंती असतात आणि कुणी काही बोललं नाही तर ते युरोपच्या गिऱ्हाइकासाठी केलेला, अरुंद चवड्याचा फर्मा उचलतात. वर तुम्ही कितीही सुंदर डिझाइन चढवा, बोटं आवळायची ती आवळणारच. मी दुकानात आलेल्या चाळीस बायकांचे पाय कागदावर रेखून घेतले, चवड्याभोवती टेप फिरवून घेर लिहिला. मापं संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून पाय फुगतो आणि सँडल त्या पायालाही बसायची असते. त्या मापांवरून फर्म्याचा घेर वाढवून घेतला. (पुढे चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, देशभरात लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि 'भा' नावाची भारतीय साइझ पद्धत सुचवली. तेव्हा हे हाताशी नव्हतं.)

साइझ लिहिताना पद्धतही लिहा. मी नुसतं "लेडीज ५" लिहिलं. आपलं ५ इंग्लिश, म्हणजे युरोपचं ३८. त्यांनी अमेरिकन ५ धरलं आणि पहिला नमुना आला तो शाळकरी मुलीच्या पायाचा. एक महिना आणि कुरियरचे पैसे पाण्यात. तेव्हापासून पायाची लांबी मिलिमीटरमध्येच लिहितो.

हाच नियम प्रत्येक गोष्टीला. "मऊ सोल" म्हणजे काहीच नाही. ईव्हीएचा (सोलचा हलका फोम) कडकपणा आस्कर सी मध्ये, खालच्या रबराचा शोअर ए मध्ये (दोन्ही कडकपणा मोजायची मापं), पट्ट्याची जाडी, शिलाईचे टाके, सगळं आकड्यात. आकडे माहीत नसतील तर मी केलं ते करा: आवडलेली एक सँडल करवतीने उभी मधोमध कापली, अर्धी स्वतःकडे ठेवली, अर्धी कुरियरने पाठवली. त्या अर्ध्या सँडलनं दहा ईमेलांचं काम केलं.

सोलचा नवा साचा बनवून घ्यायची घाई नको. प्रत्येक साइझला वेगळा साचा लागतो आणि खरा पैसा तिथेच जातो. आधी कारखान्याकडे असलेल्या सोलवर नमुना करून फर्मा आणि पट्टे पक्के करा. मग एकाच साइझचा साचा, तो पसंत पडल्यावर बाकीचे. ईव्हीए साच्यातून बाहेर उडी मारतो तेव्हा फुगून मोठा होतो, मग थंड होताना आक्रसतो. म्हणून गरम सोल मोजून "साइझ बरोबर" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लावा. साचे तुमच्या मालकीचे आहेत हे करारात, चिनी भाषेत, कंपनीच्या लाल शिक्क्यासह लिहून घ्या. तोंडी "नो प्रॉब्लेम"ला तिथे काही किंमत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही नाही.

नमुना कपाटात ठेवू नका, वापरा. माझी आत्या रोज एसटीने मिरजेला जायची. तिला जोड दिला आणि दररोज बादलीत बुडवून घालायला सांगितलं. दहाव्या दिवशी बक्कल गंजलं आणि ओल्या पट्ट्यानं टाच सोलली. बक्कल प्लास्टिकचं केलं, पट्ट्याला आतून मऊ अस्तर लावलं.

सगळ्यात जास्त भांडलो ते सोल चिकटवण्यावरून. ईव्हीए आणि रबर नुसत्या गोंदाला दाद देत नाहीत. रबर घासून खरखरीत करायचं, दोघांना आपापलं प्रायमर (गोंद धरावा म्हणून आधी द्यायचा हात) लावायचं, ते वाळू द्यायचं, मग गोंद. कारखान्याच्या लाइनवर घाई झाली की पहिला बळी प्रायमरचा. सोल ओढून तपासल्याचा रिपोर्ट मागाच, शिवाय स्वतःच्या हाताने चार जोड फाडून बघा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात उरलेले सत्तरेक जोड दुकानात कित्येक दिवस पाण्याखाली होते. चिखल धुतल्यावर तीन सोल सुटलेले निघाले. शेजारच्या रॅकवरचे पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट मात्र त्या ओलीनंतर पुढच्या वर्षी भुग्यासारखे झडले.

वेळेचं गणित उलटं मांडा. माल मेमध्ये दुकानात हवा तर एप्रिलच्या सुरुवातीला तो शियामेन बंदरातून निघायला हवा. मध्ये चिनी नववर्ष येतं. २०१९ मध्ये ते ५ फेब्रुवारीला होतं. सुट्टीआधी लाइन घाईत असते आणि सुट्टीनंतर निम्मे कामगार नवे. मी उत्पादन मार्चच्या मध्यावर ठेवलं.

पैसे तीस टक्के आगाऊ, बाकीचे तपासणीनंतर, बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत आल्यावर. शेवटच्या पसंत नमुन्याचे दोन जोड सही करून सीलबंद करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. तपासणीला कार्टन तुम्ही निवडा, ढिगाच्या तळातले आणि मागचे. मी तळातलं एक उघडलं तर रबराचा रंग तोच, पण सोल हाताला कडक. सीलबंद जोड शेजारी ठेवला. कारखान्याकडून आमची ऑर्डर सांभाळणाऱ्या मर्चंडायझर बाई आधी म्हणाल्या "सेम सेम". मग त्यांनी दोन्ही सोल वाकवून पाहिले आणि सुपरवायझरला हाक मारली.