पावसाळ्यात मोरजीला: वाट चुकलेला समुद्रपक्षी ओळखायचा कसा

पक्षी बघायला लोक गोव्यातल्या मोरजीला हिवाळ्यात येतात. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर तेव्हा कुरवांचे थवे उतरतात, बघण्यासारखंच असतं ते. पण एरवी जमिनीकडे न फिरकणारा, भर समुद्रातला पक्षी हवा असेल तर जून-जुलैत या. तोही कुठल्याही दिवशी नव्हे. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस सलग घोंघावला आणि पाऊस जरा उघडला, की लगेच सकाळी किनारा गाठायचा. उशीर केलात तर तुमच्याआधी कुत्री पोचतात.

सुरुवात कावळ्यांपासून करा. भरतीने आणलेल्या कचऱ्यात कावळे टोचे मारत असतात, त्यांतला एखादा गप्प, अंग चोरून बसलेला दिसला की दुर्बीण लावा. नॉडी नावाचा समुद्रपक्षी दुरून असाच दिसतो: अंग गडद तपकिरी आणि कपाळावर राख फासल्यासारखी टोपी. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर तपकिरी नॉडीची वीण होते, त्यामुळे वाऱ्याने ती इकडे ढकलली जाणं अशक्य नाही.

आता घाई नको. चोच आणि डोळा यांच्यामधला भाग बघा. तपकिरी नॉडीत तो काळपट असतो आणि फिक्या कपाळाशी त्याची रेघ स्पष्ट दिसते. छोट्या नॉडीत (लेसर नॉडी, ही वेगळी जात) तोच भाग फिकट, टोपीत मिसळून गेलेला. चोचही जास्त बारीक. पाठीवर पांढुरके ठिपके आणि पोटाचा मागचा भाग फिका असेल तर नॉडी विसरा, ते सूटी टर्नचं (टर्न म्हणजे सुरय) तरुण पाखरू आहे. उडालाच तर शेपटीकडे नजर ठेवा: नॉडीची पाचरीसारखी, टोकाला जेमतेम खाच, टर्नची दुभंगलेली.

पांढऱ्या पोटाची, गडद पाठीची टर्न दिसली तर आधी ब्रायडल्ड टर्नच समजा. वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर तिची वीण होते, म्हणजे ती आपली शेजारीणच. तिची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे जाते, सूटीची डोळ्यापाशीच थांबते. भुवई नीट दिसली नसेल तर 'टर्न' एवढंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

वहीत आधी दिसलं ते लिहायचं, पुस्तक नंतर उघडायचं. पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलं की डोळे तेच बघायला लागतात. शेजारच्या कावळ्यासकट एक फोटो घ्या, आकार कळतो. ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, दुर्मीळ नोंद टाकलीत तर तपासणारा नेमकं हेच विचारतो. 'मला खात्री आहे' याला तिथे किंमत नाही.

पक्षी उडत नसेल तर कृपा करून त्याला परत लाटांत ढकलू नका, दमला म्हणूनच तो किनाऱ्यावर आलाय. चोचीत पाणी ओतणं, बांगडा भरवणं, सगळं टाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याला फोन करा. टर्न-नॉडीची चोच फारसं काही करत नाही, पण बूबी, म्हणजे धारदार चोचीचा मोठा समुद्रपक्षी, सापडली तर टॉवेल टाकूनच उचला आणि आपलं तोंड लांब ठेवा.

आणि रापणकारांशी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी, ओळख ठेवा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर धक्क्याला असतात, पण ही माणसं किनाऱ्यावरच वावरतात. 'काळो पक्षी पडलाय' असा फोन आला की छत्री शोधत बसू नका.