पणजोबांचा लष्करी इतिहास काढायचाय? मग आधी हॅरी मरेची फाईल उघडा

सातारा-सांगलीकडं पणजोबा लढाईला गेलते असं सांगणारी घरं ढिगानं आहेत, अपशिंग्याच्या तर नावालाच मिलिटरी चिकटलंय, पण कुठल्या पलटणीत आणि कधी असं विचारलं की गाडी इराकातल्या बसऱ्याला येऊन थांबते. शोधायला बसणार असाल तर घरच्या माणसापासून सुरू करू नका, कारण आपल्याकडचे कागद तुटक मिळतात आणि नवख्याला त्यातलं काही कळत नाही. आधी परक्या माणसावर हात बसवा.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फायली स्कॅन करून फुकट ठेवल्यात. हॅरी मरे घ्या. टास्मानियात १८८० चा जन्म, पश्चिम ऑस्ट्रेलियात रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड तोडणाऱ्या टोळीचा मुकादम, १९१४ ला साधा शिपाई म्हणून भरती आणि लढाई संपेपर्यंत लेफ्टनंट कर्नल! पण सर्चमध्ये हॅरी टाकू नका, कागदावर तो हेन्री विल्यम मरे आहे.

फाईल उघडली की आधी भरतीचा फॉर्म वाचा, वय, धंदा, जवळचा नातेवाईक सगळं तिथंच असतं. मग तारीखवार नोंदींचं पान घ्या, जखमी कधी, दवाखान्यात कधी, बढती कधी, आणि एका वहीत वर्षाप्रमाणं उतरवून काढा. पदकं शेवटी बघायची. आपण उलटं करतो, पदकाची गोष्ट आधी ऐकतो आणि तारखा तिच्यात कोंबत बसतो. मरेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला तो फ्रान्समधल्या ४-५ फेब्रुवारी १९१७ च्या रात्रीच्या लढाईसाठी, गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून आलं मार्चमध्ये, म्हणजे गॅझेटची तारीख ही लढाईची तारीख नसते, हे डोक्यात पक्कं ठेवा.

दुसऱ्या महायुद्धाचं पान मात्र शांत आहे. साठीला टेकलेला माणूस, क्वीन्सलंडच्या उत्तरेला २६ व्या बटालियनचा कमांडर, १९४२ मध्ये वयामुळं बाजूला केला. तिथं पराक्रम शोधत बसू नका, जेवढं आहे तेवढंच लिहा.

आता घरी या. पेटीत पहिल्या महायुद्धाचा बिल्ला, म्हणजे पदक, असेल तर ब्रासो लावून घासू नका हो, भिंगानं त्याची कड बघा, चारी बाजूनं नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. ११० दिसलं तर ११० वी मराठा, १९२२ नंतर तीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी इराकातल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथं त्यांच्यापुढं शरणागती झाली, त्यामुळं घरात 'तुर्कांच्या कैदेत होते' असं कोणी सांगत असेल तर या तिघींपासून सुरुवात करा.

माणूस लढाईत मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर शोधा. इथं स्पेलिंग जाम डोकं खातं, पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, शिंदेचं सिंदे, सगळी करून बघा, कधी आडनाव न टाकता बापाचं नाव आणि गाव टाकून बघा.

आणि सांगलीकरांनो, तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याला सांगली नाव त्याच्याही नंतर पडलं. म्हणून इस्लामपूरचा माणूस साताऱ्याखाली शोधा. खुद्द सांगली आणि मिरज मात्र पटवर्धनांची संस्थानं, तिथला माणूस साताऱ्याखाली सापडला नाही तर संस्थानाचं नाव टाकून बघा.

एवढं हाताशी आलं, निदान नंबर आणि पलटण तरी, की मग बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, नुसतं 'आमचे पणजोबा सैन्यात होते' एवढ्यावर तिथं कोण काय शोधणार.