बेटकास्टिंग रीलवरचा गुंता: माझा अनुभव

अमेरिकेतल्या तळ्यांत लार्जमाउथ बास या माशासाठी बेटकास्टिंग रील (फेकताना स्पूल फिरतं आणि ते अंगठ्याने आवरावं लागतं असं गळाचं रील) घेतलं, की पहिला त्रास गुंत्याचा. फेकल्यावर ल्युअरचा (नकली आमिषाचा) वेग कमी होतो, पण स्पूल (दोरी गुंडाळलेली रिळी) त्याच वेगात फिरत राहतं. जास्तीची दोरी तिथेच घोटाळते.

माझ्याकडे दोष रीलचा नव्हता, जोडणीचा होता. ७ फुटी मीडियम-हेवी (बऱ्यापैकी ताठ) रॉडवर ५ ग्रॅमचा ल्युअर होता. एवढ्या हलक्या वजनाने रॉड वाकतच नाही, मग हात जोराने झटका देतो. १४ ग्रॅमचा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा ल्युअर) लावला आणि निम्मं काम झालं. ७ ग्रॅमपेक्षा हलक्या ल्युअरला सरळ स्पिनिंग रील (फेकताना ज्याचं स्पूल फिरत नाही) वापरावं.

मग टेन्शनचा नॉब, म्हणजे स्पूल किती सैल फिरेल ते ठरवणारी कळ. ल्युअर रॉडच्या टोकाशी लटकवून स्पूल मोकळं करणारं बटण दाबा. तो सावकाश उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. ल्युअर बदलला की हे पुन्हा करायचं, इथेच बहुतेकांचं चुकतं. रीलचा ब्रेक (फेकताना स्पूलचा वेग आवरणारा) १० पैकी ८ वर ठेवून सुरुवात करा, अंगठा सरावला की एकेक कमी करा. समोरून वारा असेल तर पुन्हा वाढवा.

शिकताना फ्लुरोकार्बनची दोरी नको, ती ताठ असते आणि मुडपली की तिथेच तुटते. १४ पौंड ताण सोसणारी मोनो (साधी नायलॉनची दोरी) बरी. स्पूल काठोकाठ भरू नका, ३ मिलिमीटर मोकळं सोडा.

गुंता झालाच तर ओढाताण नको. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडलचे तीन-चार फेरे द्या, मग बटण दाबून दोरी हळू बाहेर काढा. बहुतेक वेळा सुटतो.