साथीत निर्बंधाचा आदेश काढताना

आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहा: वॉर्ड, चाळ की एकच मजला? सरसकट जिल्हा बंद करणं सोपं, पण हातावर पोट असलेले त्यात आधी भरडले जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४) खालचा दंडाधिकाऱ्यांचा आदेश दोन महिने चालू शकतो. तरी मुदत १४ दिवसांचीच घाला, आकडे पाहून मगच वाढवा. सूट नुसत्या ‘अत्यावश्यक सेवा’ या शब्दांवर सोडू नका. दूध, औषधं, डायलिसिस, अंत्यविधी असं स्पष्ट लिहा, नाहीतर नाक्यावरचा हवालदार मनाला येईल तो अर्थ लावतो.

घरझडती टाळाच. १८९७ च्या पुण्यात प्लेगसाठी गोरे सोजीर थेट घरांत शिरले. लोक रुग्ण लपवू लागले, आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तपासणीला ओळखीच्या आशाताई (वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका) पाठवा. विलगीकरणात नेलेल्याच्या घरी त्याच दिवशी रेशन पोचवा.